साबणरावांचा चष्मा

आमच्या प्रयोगशाळेत हात धुवायचं एकच बेसिन होतं, आणि कधीही मान वळवून पाहा, तिथे साबणराव उभे. हे नाव त्यांना कुणी ठेवलं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मी नोकरीला लागले तेव्हा ते आधीच रूढ झालं होतं, आणि त्यांनीही ते मनाला लावून घेतलं नव्हतं. टेबलावर बसायच्या आधी हात, उठल्यावर हात. फोन वाजला तर आधी हात आणि मग फोन. तोवर फोन बिचारा वाजून वाजून थकलेला.

"दादा, हातावरच्या रेषा पुसल्या जातील," असं मी म्हणायचे.

"जाऊ देत. होत्या तोवर त्यांनी तरी काय दिवे लावले?"

आमचं काम जंतूंचं. रुग्णालयाच्या मागच्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर. वॉर्डांतून रक्त, लघवी, पू, थुंकी असं जे जे येईल ते जंतूंना आवडेल अशा खुराकावर सारवायचं, उबेत ठेवायचं, आणि दुसऱ्या दिवशी काय उगवलं ते ओळखायचं. मग कुठल्या औषधाने ते मरेल तेही पाहायचं. हे सगळं मला साबणरावांनी शिकवलं. नमुना सारवायची तापवलेली तार थंड होण्याआधी बुडवली तर ती चुरचुरते आणि जंतू हवेत उडतात, हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात असं काही ओरडून सांगितलं होतं की अजून तार हातात घेतली की मी क्षणभर थांबते.

अशा माणसाला एकच खोड होती. त्यांच्या नाकाला उतार फार. चष्मा घसरायचा, आणि तो वर सारायला, कधी नाकावर तर कधी काडीला, त्यांचं बोट आपोआप जायचं. हातात मोजा आहे, मोजा कुठे कुठे लागलेला आहे, हे त्या बोटाला कळायचं नाही. त्यावर त्यांनी स्वतःच उपाय काढला होता. कामाचा चष्मा वेगळा, घरचा वेगळा. कामाचा चष्मा प्रयोगशाळेच्या खिळ्यावर, कोटाशेजारी; दाराबाहेर जायचा नाही. चांगला नियम होता, आणि कित्येक वर्षं तो त्यांनी पाळलाही.

मग एका सुटीच्या दिवशी ते घरी स्वतःच्या चष्म्यावर बसले. काच फुटली, काडी मोडली. दुरुस्तीला टाकू, उद्या टाकू, या आठवड्यात टाकू, असं करत तो मोडका चष्मा खणात पडून राहिला आणि प्रयोगशाळेतला चष्मा त्यांच्या नाकावर बसून घरी जायला लागला. इतकीच गोष्ट. यात कुणाचं वाईट चिंतलेलं नव्हतं, कुठे मोठा बेफिकीरपणाही नव्हता. आळस होता, आपल्या सगळ्यांच्या घरात असतो तेवढा.

वहिनी, म्हणजे त्यांची बायको, घरी शिवणकाम करत. शाळेचे गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे, काय येईल ते. दोघांच्या चष्म्याचा नंबर जवळजवळ सारखा, त्यामुळे सुईत दोरा ओवायला वहिनी हक्काने यांचाच चष्मा ओढून घ्यायच्या. दोरा ओवला की चष्मा काढायचा, आणि मशीनवर दोन्ही हात गुंतलेले म्हणून त्याची काडी दातांत धरायची. मी त्यांच्या घरी गेले की हे दृश्य हटकून दिसायचं: तोंडात चष्मा, आणि त्याच तोंडाने चाललेल्या गप्पा. "वहिनी, आधी चष्मा काढा, मग बोला," म्हटलं की त्या हसायच्या आणि चष्मा खाली पडायचा.

त्यांच्या घराखाली एक खानावळ होती. ती चालवणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणत. रुग्णालयातले वॉर्डबॉय, दुकानांतली पोरं, एकटी राहणारी नोकरदार माणसं तिथे जेवायची. वहिनींची आणि मावशींची गट्टी होती. दुपारी शिवण बाजूला सारून वहिनी खाली जायच्या आणि मावशींच्या स्वयंपाकघरातच दोघी एका ताटात जेवायच्या. मावशींचे सगळे ॲप्रन वहिनींनी शिवलेले.

त्या सुमाराला आमच्या प्रयोगशाळेची परीक्षा होती. अधूनमधून असते. बाहेरची एक संस्था छोट्या बंद कुप्यांमधून वाळवलेले जंतू पाठवते. नाव सांगत नाहीत, आम्ही ओळखायचं आणि कळवायचं. त्या खेपेच्या कुप्या साबणरावांनी फोडल्या. एकीत टायफॉइडचा जंतू निघाला. त्यांनी ओळखला, उत्तर पाठवलं, आम्ही पास झालो, आणि मॅडमनी, म्हणजे आमच्या विभागप्रमुख डॉक्टरांनी, सगळ्यांना चहा पाजला. जंतू उगवलेल्या प्लेटा, म्हणजे खुराकाच्या चपट्या बशा, फ्रीजमध्ये गेल्या आणि आम्ही ते विसरून गेलो.

काही दिवसांनी वहिनींना ताप आला. आधी वाटलं साधा असेल. गल्लीतल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. ताप उतरायचा नाही. उलट रोज संध्याकाळी एकेक पायरी वर चढायचा. डोकं फुटायला आलेलं, जिभेवर जाड पांढरा थर, अन्न पुढे आलं की उमासे. शेवटी त्यांना आमच्याच रुग्णालयात दाखल केलं. दोन्ही हातांतून रक्त घेतलं, दोन बाटल्या भरल्या आणि त्या आमच्याकडे आल्या.

आपल्या घरच्या माणसाचा नमुना आपण तपासायचा नाही, असा आमच्याकडे रिवाज आहे. बाटल्या मी घेतल्या. साबणराव शेजारच्या टेबलावर दुसरं काम करत होते. म्हणजे हात चालत होते, लक्ष माझ्या पाठीवर. जंतू उगवला, ओळख पटवली, मी म्हटलं, "दादा, टायफॉइड आहे. दोन्ही बाटल्यांत."

त्यांनी एवढंच विचारलं, "नक्की?" मी मान हलवली.

टायफॉइड अन्नपाण्यातून, मळक्या हातांतून जातो, हे आमच्या कामात पहिल्या इयत्तेचं ज्ञान. वहिनी बाहेरचं म्हणून फक्त एका ठिकाणी जेवत होत्या. साबणराव हात धुऊन निघाले ते तडक खानावळीत गेले. भर जेवणाची वेळ. पुढचं मला तिथे जेवायला बसलेल्या आमच्या वॉर्डबॉयने सांगितलं. तो म्हणाला, साबणराव इतके चिडलेले त्याने कधी पाहिले नव्हते. दारातूनच त्यांचा आवाज चढलेला.

"मावशी, हात धुता का कधी? माझी बायको तिकडे सलाइनवर पडली आहे. तुमच्या हातचं खाऊन टायफॉइड झालाय तिला!"

मावशी हातात वाढायचा डाव घेऊन तशाच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "भाऊ, अहो, मी तिच्याच ताटात जेवते हो. मला कुठे काही झालंय?"

"तुम्ही नुसत्या वाहक असाल! तुम्हाला होत नाही, तुम्ही दुसऱ्यांना देता. मला शिकवू नका, माझं कामच ते आहे."

शेवटचं वाक्य लोकांना पटलं. हा माणूस रुग्णालयात जंतूच तपासतो, म्हणजे खरं असणार. एकाने ताट पुढे सारलं, दुसरा उठला. साबणराव तिथे थांबले नाहीत. रुग्णालयात परत येऊन त्यांनी नगरपालिकेच्या आरोग्य खात्याला फोन केला आणि तक्रार नोंदवली. संध्याकाळपर्यंत खानावळीच्या दारावर कागद चिकटला: तपासणी पूर्ण होईपर्यंत बंद.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी औषधांची प्लेट पाहायला घेतली. या प्लेटवर आम्ही जंतूची दाट पेरणी करतो आणि वरून औषधांच्या छोट्या टिकल्या ठेवतो. जे औषध चालतं, त्याच्या टिकलीभोवती जंतू मरून स्वच्छ वर्तुळ पडतं. आमच्या भागातल्या टायफॉइडच्या जंतूवर काही जुनी औषधं केव्हाच चालेनाशी झाली आहेत. त्या टिकल्यांना जंतू अगदी चिकटून उगवतो, वर्तुळ म्हणून नाही. या प्लेटवर मात्र एकूणएक टिकलीभोवती ऐसपैस, गोल गरगरीत वर्तुळं होती. जुनी, नवी, सगळी औषधं चालत होती. आमच्याकडे बाहेरून येणाऱ्या रुग्णांत असा भोळा जंतू मी माझ्या नोकरीत पाहिलाच नव्हता.

"दादा, हे बघा की. वहिनींचं नशीब चांगलं. कसल्याही गोळीने मरेल हा."

त्यांनी प्लेट उजेडाकडे धरली. आधी चेहरा खुलला. मग तो तसाच, खुललेल्या अवस्थेत, थिजला. ते उठले, फ्रीज उघडला, आणि परीक्षेतल्या जंतूची औषधांची प्लेट काढून माझ्या टेबलावर वहिनींच्या प्लेटशेजारी ठेवली. दोन्हींत फरक करायचा तर झाकणावरचा मजकूर वाचावा लागला असता.

मी काही बोलायच्या आत त्यांचं बोट सवयीने नाकाकडे गेलं, आणि वाटेतच थांबलं. त्यांनी चष्मा काढला, हातात घेतला आणि त्याची डावी काडी बघत राहिले. काडीच्या टोकाला बारीक बारीक खळगे होते. दातांचे.

"थोडं थांब," ते म्हणाले. "मॅडमना मी सांगतो. तू आत्ता काही बोलू नकोस."

मी थांबले. त्यांनी सांगितलं नाही.

त्या दुपारी मावशींचे, त्यांच्याकडे भांडी घासणाऱ्या बाईंचे आणि खानावळीतल्या पाण्याचे नमुने आमच्याकडेच आले. जंतू ओळखणारी जवळपास दुसरी जागाच नव्हती. साबणरावांनी ते माझ्याकडे सरकवले आणि स्वतः स्टोअरमध्ये काचसामान मोजत बसले. जे सामान परवाच मोजून झालेलं होतं.

संध्याकाळी मॅडम सही करायला बसल्या आणि वहिनींचा अहवाल पाहून थबकल्या. त्यांनी मला आणि साबणरावांना आत बोलावलं.

"हा जंतू बाहेरचा वाटत नाही," मॅडम म्हणाल्या. "हा तर आपल्या परीक्षेतला दिसतो. नमुन्यात मिसळला असणार. कोणी लावला होता?"

"मी," मी म्हटलं.

"फ्रीजमधली प्लेट टेबलावर काढली होतीस का? एकच तार दोन्हीकडे वापरलीस?"

"नाही, मॅडम."

"नाही म्हणून कसं चालेल? जंतूला पाय फुटत नाहीत. आठवून बघ. रुग्णाला नक्की काय झालंय तेच आता आपल्याला ठाऊक नाही, असा याचा अर्थ होतो."

मी साबणरावांकडे पाहिलं. ते खाली फरशीकडे बघत होते. मॅडम म्हणाल्या, "उद्या सकाळी बोलू," आणि मी डोळे पुसत घरी गेले. खरं सांगते, त्या संध्याकाळी माझ्या मनातून ते उतरले.

सकाळी मी पोहोचले तर ते मॅडमच्या दारात उभे होते. रात्रभर वहिनींच्या खाटेशेजारी बसलेले, दाढी वाढलेली. मला म्हणाले, "तूही आत चल. तुझ्यासमोरच बोलायचंय."

आत गेल्यावर ते बसले नाहीत. "मॅडम, हिच्या हातून सरमिसळ झालेली नाही. दोन हातांतून घेतलेल्या दोन बाटल्या, दोन्हींत तोच जंतू. दोन्ही बाटल्यांत एकदम कसा मिसळेल? आणि ताप खरा आहे. जंतू माझ्या बायकोच्या रक्तातच होता. तो मी घरी नेला."

मग त्यांनी चष्म्याची हकीकत सांगितली. मोडका चष्मा, खण, बोट, काडी. सांगताना एकदाही थांबले नाहीत, जणू पाठ केलेलं.

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "हे सिद्ध होणार नाही. एवढ्या दिवसांनी चष्म्यावर काय सापडणार? मधे किती वेळा धुतला असेल तुम्ही?"

"घरी रोज रात्री साबणाने धुतो," साबणराव म्हणाले. "पण ती संध्याकाळी घेते. मी घरात शिरल्या शिरल्या."

"दुसऱ्या कुठल्या वाटेनेही गेला असेल. कोट, पेन, काहीही."

"कुठल्याही वाटेने गेला असला तरी वाहणारा मीच ना, मॅडम?"

मॅडमनी माझी माफी मागितली, आणि रुग्णालयाला कळवायचं पत्र स्वतः लिहायला घेतलं. त्यात त्यांनी हेही लिहिलं की आपल्याकडे घरचे आणि कामाचे जिन्नस वेगळे ठेवायची नीट सोय नाही, एक खिळा सोडला तर. साबणरावांना शिक्षा म्हणून काही झालं नाही. ताकीद मिळाली. "याहून जास्त काही दिलं असतं तर बरं झालं असतं," असं ते मला म्हणाले. "फिटल्यासारखं तरी वाटलं असतं."

मावशींचे नमुने स्वच्छ निघाले. पहिले, आणि नियमाप्रमाणे पुन्हा घेतले तेही. पाणी स्वच्छ. दारावरचा कागद निघाला. पण गिऱ्हाईक काही कागदासारखं नसतं, की काढलं आणि लावलं. जी माणसं गेली ती चौकातल्या दुसऱ्या खानावळीत रुळली होती.

साबणराव मावशींकडे गेले ते टळटळीत दुपारी, जेवणं आटोपल्यावर. मीच त्यांना जायला लावलं होतं, आणि एकटं जायचं धैर्य नाही म्हणून त्यांनी मला सोबत घेतलं होतं. मावशी स्वयंपाकघरात पातेली पालथी घालत होत्या. साबणरावांनी सगळं सांगितलं. मावशींनी एकदाही मधे तोडलं नाही. शेवटी साबणराव म्हणाले, "मावशी, माझं चुकलं. मला माफ करा."

मावशींनी हात पुसले. "भाऊ, मला शिव्या दिल्यात त्या भरल्या पंगतीत. आणि माफी मागताय ती भांड्यांसमोर?"

मावशींनी आणखी एक पातेलं पालथं घातलं.

"या भांड्यांना ठाऊक आहे मी हात धुते ते. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगा."

म्हणून मग ते दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी गेले; मी सोबत होतेच. पूर्वी जिथे बसायला जागा मिळायची नाही तिथे चारदोन माणसं होती. साबणराव मधोमध उभे राहिले. प्रयोगशाळेत नव्या मुलांना तासन्‌तास शिकवणारा हा माणूस, पण इथे पहिल्या शब्दालाच अडखळला. "मी त्या दिवशी जे बोललो ते खोटं होतं," त्यांनी सुरुवात केली. "मावशींच्या हातात काही नाही. त्यांची तपासणी झाली आहे. जंतू माझ्या प्रयोगशाळेतून माझ्या चष्म्याबरोबर माझ्या घरी गेला, आणि बायकोला झाला."

माणसं जेवायची थांबली. एकजण म्हणाला, "म्हणजे तुम्ही रोज जंतू घरी आणता?"

"रोज नाही. एकदा."

"एकदा म्हणजे तुम्हाला कळलं ते एकदा," तो म्हणाला.

मावशी दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या. साबणराव बाहेर पडल्यावर मावशींचं एवढंच ऐकू आलं, "वाढू का अजून?"

वहिनी तोवर घरी आल्या होत्या. अशक्त, केस विरळ झालेले, पण बऱ्या. जंतू भोळाच होता, औषधाला लगेच शरण आला. डॉक्टरांनी विश्रांती सांगितलेली, तरी त्या मशीनपाशी बसून अर्धे राहिलेले गणवेश पुरे करत होत्या. तेवढ्यात एक गिऱ्हाईक बाई आली आणि आपलं कापड परत मागायला लागली. शिवून तयार होत आलेलं असताना.

"आता थोडंच राहिलंय, उद्या नेलंत तर?" वहिनी म्हणाल्या.

"नको हो. तुमच्या घरात जंतू येतात म्हणे. लहान मुलांचं काम, भीती वाटते."

"कोण म्हणतं?"

"तुमचे हेच म्हणाले. खाली, सगळ्यांसमोर."

वहिनींना त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. साबणरावांनी मला सांगितलं होतं, मॅडमना, रुग्णालयाला, मावशींना, खानावळीतल्या परक्या माणसांनासुद्धा. बायकोला सांगायचं तेवढं राहिलं होतं. आज सांगू, जरा ताकद येऊ दे मग सांगू, असं करत; मोडक्या चष्म्यासारखंच.

त्या संध्याकाळी मी वहिनींसाठी फळं घेऊन गेले होते. दार उघडं होतं. मला पाहूनही त्या थांबल्या नाहीत.

"सगळ्या जगाला सांगितलंत," त्या साबणरावांना म्हणत होत्या. "जिला झालं तिला सोडून."

"तुला त्रास होईल म्हणून..."

"त्रास मला टायफॉइडने झाला, तो सोसला मी. हा कशाला दिलात? आणि माझ्या मैत्रिणीला चारचौघांत तसं बोललात? मी तिकडे तापात तिचीच आठवण काढत होते. म्हणत होते, ही भेटायला कशी आली नाही. ती कशी येईल? तुम्ही तोंड कुठे ठेवलंत तिला यायला?"

साबणराव पलंगाच्या कडेवर बसले होते. वहिनींनी शिवणाची सुई उशीत टोचून ठेवली आणि आवाज खाली आणला.

"मी चष्मा तोंडात धरते हे रोज दिसत होतं ना तुम्हाला?"

"दिसत होतं."

"तो कुठून आलाय हे ठाऊक होतं?"

"होतं."

"मग एकदाही कसं म्हणाला नाहीत, की नको धरूस?"

त्यांनी चादरीची सुरकुती हाताने सरळ केली. मग म्हणाले, "तू चांगली दिसायचीस तशी. मला तिथे प्रयोगशाळा आठवायचीच नाही."

मी फळं ठेवून निघाले. जिना उतरताना वहिनींच्या रडण्याचा आवाज येत होता, आणि ते रडणं रागाचं की कसलं, ते मला ओळखता आलं नाही.

पुढच्या आठवड्यात वहिनी खाली गेल्या. पायांत जोर नव्हता, कठडा धरून उतरल्या. ऐन जेवणाच्या वेळी, रस्त्यावरून दिसेल अशा टेबलाशी बसल्या आणि म्हणाल्या, "वाढ गं." मावशींनी वाढलं. मग मावशीही समोर बसल्या, आणि दोघी रडत रडत जेवल्या, असं वॉर्डबॉय सांगतो. तो तिखट-मीठ लावून सांगतो, पण जेवल्या हे नक्की. ज्या बाईला टायफॉइड झाला तीच इथे जेवते म्हटल्यावर काही माणसं परत आली. सगळी आली नाहीत. मावशींनी कसंबसं वर्षभर रेटलं आणि मग खानावळ बंद करून एका वसतिगृहात स्वयंपाकाचं काम धरलं. तिथे पगार बरा आहे, रोजची धास्ती नाही, असं त्या सांगतात. पण आपली ती आपली होती, हेही सांगतात. त्या जागेत आता मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे.

वहिनींकडचं काम हळूहळू परत आलं. आमच्या प्रयोगशाळेतही बदल झाला. दाराजवळ कपाटं बसली, प्रत्येकाला एकेक कप्पा. कामाचे चष्मे, पेनं, चपला आत, घरच्या वस्तू बाहेर. नवी मुलं शिकायला आली की पहिल्या दिवशी मॅडम साबणरावांना बोलायला सांगतात. ते आडपडदा न ठेवता सगळं सांगतात. वहिनी काडी दातांत धरायच्या इथपर्यंत आलं की मुलं हसतात, आणि थोड्या वेळाने हसायची थांबतात. मी एकदा म्हटलं, "दादा, आता पुरे. दर वेळी स्वतःला कशाला सोलून घेता?" तर म्हणाले, "ही पोरं घरी जातील ना संध्याकाळी."

मावशी वहिनींना भेटायला सुटीच्या दिवशी येतात. गेल्या खेपेला मी तिथेच होते. वहिनी आत माप घेत होत्या, म्हणून दार साबणरावांनी उघडलं. मावशी उन्हातून आलेल्या, कपाळावर घाम. साबणरावांनी त्यांना बसवलं, पंखा लावला, हात धुतले आणि पेला भरून पाणी आणलं.

"नको भाऊ," मावशी म्हणाल्या. "आत्ताच वाटेत प्यायले."

आवाजात राग नव्हता. त्या लगेच वसतिगृहातली मुलं ताटात किती अन्न टाकतात त्याबद्दल सांगायला लागल्या आणि साबणरावांकडे बघूनच सांगत होत्या. ते पेला हातात धरून ऐकत उभे होते. मधेच "हो ना," "खरं आहे," म्हणत होते. मावशी खरंच वाटेत पाणी प्यायल्या होत्या की कसं, ते मला सांगता येणार नाही. साबणरावांनी विचारलं नाही. थोड्या वेळाने ते आत गेले आणि पाणी ओतून आले.